तांबडा उजेड

“अंधारात बसायचं काम आहे माझं,” असं काजवेकाका कुणाला सांगायला गेले की ऐकणाऱ्याला वाटायचं, हा माणूस एकतर फोटो धुतो, नाहीतर काहीतरी लपवतो. फोटोंशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला एक बिनखिडकीची खोली होती. भिंती काळ्या, छत काळं, दाराला आतून जाड काळा पडदा. आत एक टेबल, एक उंच स्टूल आणि फवाऱ्याची बाटली. रोज दुपारी डबा खाऊन झाला की काका त्या खोलीत शिरायचे, दिवा मालवायचे आणि दहा मिनिटं नुसते बसून राहायचे. डोळ्यांत अंधार मुरायला तेवढा वेळ लागतोच. बाहेर टळटळीत ऊन असायचं, कॉफीच्या यंत्रापाशी तरुण पोरापोरींचा कलकलाट चाललेला असायचा, आणि इकडे काका स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकत बसलेले. पस्तिसाव्या वर्षी इथं लागले, तेव्हापासून हेच. तेवीस वर्षं झाली.

दुसऱ्या कुणाला ते जमायचं नाही. नवीन पोरं हौसेनं यायची आणि चौथ्या मिनिटाला मोबाइल काढायची. म्हणजे मुरलेला अंधार पुन्हा नासला. काका मात्र यंत्रालाही जेमतेम कळेल असा मिणमिणता ठिपका अचूक टिपायचे. “आमच्या काकांना घुबडाचे डोळे आहेत,” असं मॅडम पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या. मॅडम म्हणजे विभागप्रमुख. काकांपेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, पण प्रयोगशाळेत त्यांचा शब्द शेवटचा.

आता, खोलीत काजवे होते म्हणाल तर एकही नव्हता. काजव्याचा उजेड तेवढा होता. काजव्याच्या पोटाशी एक एन्झाइम असतं, ल्युसिफरेज नावाचं. त्याला एक जळण लागतं, ल्युसिफेरिन. एन्झाइम ते जळण आपल्या खाचेत घट्ट धरतं, पेशीत शक्तीचा जो साठा असतो, एटीपी म्हणतात तो, त्यातला थोडा त्याला चिकटवतं आणि हवेतल्या ऑक्सिजनला म्हणतं, ये आता. ऑक्सिजन झोंबला की तो रेणू असा काही चवताळतो की शांत होताना उजेडच टाकतो. चटका नाही, धूर नाही, राख नाही. हे एन्झाइम बनवायची कृती ज्या जनुकात असते तो जनुक इथं साध्या बॅक्टेरियात घातलेला होता. डिशमध्ये बॅक्टेरियांचे ठिपके वाढायचे. गोल कागद टेकवून त्या ठिपक्यांचा छाप उचलायचा, छापावर ल्युसिफेरिनचा फवारा मारायचा, की अंधारात ठिपके उजळायचे. जो ठिपका कामाचा, तो मूळ डिशवरून उचलून वेगळा वाढवायचा. बाकी छाप बादलीत.

लोक त्या उजेडाला हिरवट पिवळा म्हणायचे. काका नुसतं ‘उजळ’ म्हणायचे.

तर एके दिवशी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. त्यांनी टॉर्च पेटवून स्वतःच्या तळहाताखाली धरला.

“बाहेर कुठला रंग येतोय?”

“लाल,” सगळे म्हणाले. सगळ्यांबरोबर काकाही म्हणाले.

“बरोबर. हिरवा उजेड रक्तामांसात बुडून जातो, लाल पार होतो. शरीराच्या आतलं दुखणं बाहेरून बघायचं तर आपल्याला लाल काजवा हवा. हे एन्झाइम म्हणजे साडेपाचशे मण्यांची माळ. एखादा नेमका मणी बदलला तर खाच सैल पडते आणि उजेड लालकडे घसरतो. आपल्या या काजव्यात तो मणी कुठला, ते ठाऊक नाही. म्हणून डोळे मिटून हजारो बदल करायचे आणि डोळे उघडून बघायचं. बघायला काका आहेतच!”

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. बोलायचं असेल तर बोलायची वेळ तीच होती. काकांना ते कळलंही. पण इतक्या कौतुकाच्या नजरा अंगावर असताना मान मात्र आपली आपण डोलली.

कारण काकांना लाल रंग दिसत नव्हता. जन्मापासूनच नाही. दिवसाउजेडी लाल त्यांना मातकट, काळपट दिसायचा आणि हिरव्या-तपकिरीत मिसळून जायचा. लाल दिवा लागला तर तो विझत आल्यासारखा वाटायचा. ही गोष्ट जगात त्यांच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हती. बायकोलाही नाही. ती पाच वर्षांपूर्वी गेली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिनं एक लालभडक शाल आणली होती. खांद्यावर टाकून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “कशी दिसते?” काका म्हणाले, “छान. मातकट रंग तुला शोभतो.” ती शाल तिनं पुन्हा अंगावर घेतली नाही, आणि का घेतली नाही हे काकांना कळायला चार दिवस लागले. तेव्हाही खरं सांगता आलं असतं. ‘चेष्टा केली गं’ एवढंच म्हणाले.

मान डोलावल्यावर काकांनी मनाची समजूत घातली. लाल असला तरी उजेड तो उजेड. अंधुक का होईना, दिसेलच. अंधुक ठिपके टिपण्यात तर आपला हातखंडा. असं म्हणून त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं आणि कामाला लागले.

आठ महिने गेले. रोज वीस डिश, प्रत्येकीवर अडीचशे-तीनशे ठिपके. वहीत रोज एकच नोंद: लाल, शून्य. काही ठिपके उजळ, काही मंद, काही अजिबात न पेटलेले. न पेटलेले असायचेच. मणी भलताच बदलला की एन्झाइम मोडून पडतं.

मॅडम आधी रोज विचारायच्या, मग आठवड्यानं, मग विचारेनाशा झाल्या. या कामावर डॉक्टरेट करणारी एक मुलगी होती, हुशार आणि अबोल. बदल करायची सगळी जोडणी तिची. काहीच हाती लागेना तेव्हा तिनं रसायनं बदलून सगळं पहिल्यापासून केलं. मग पुन्हा एकदा केलं. एका दुपारी काका अंधाऱ्या खोलीतून डोळे चोळत बाहेर आले तर ती व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती.

“काका, काहीच नाही?”

“काहीच नाही गं.”

“एखादा संशयाचासुद्धा?”

“असता तर सांगितला नसता?”

हे वाक्य काकांना नंतर फार दिवस बोचत राहिलं.

धुलाईखोलीतल्या मावशी रोज चारच्या सुमाराला बादली न्यायला यायच्या. काकांपेक्षा दोन वर्षांनी लहानच, पण साऱ्या संस्थेच्या मावशी. काचसामान धुणं आणि टाकाऊ डिश, छाप वाफेच्या मोठ्या भांड्यात घालून निर्जंतुक करणं हे त्यांचं काम. काकांना त्या ‘भाऊ’ म्हणायच्या. पडद्याआडून आवाज द्यायच्या, काका ‘या’ म्हणाले की चाचपडत आत यायच्या, बादली उचलून निघून जायच्या. दिवा लावायचा नाही हे त्यांना पाठ होतं. एके दिवशी काकांचे दोन छाप बघायचे राहिले होते, म्हणून त्यांनी मावशींना जरा थांबायला सांगितलं. मावशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. शेवटचा छाप बघून काकांनी बादलीत टाकला.

“आज एक तांबडा आलाय,” मावशी म्हणाल्या.

“काय आलाय?”

“तांबडा ठिपका. हा काय, वरच्याच कागदावर, कडेला. निखाऱ्यावर राख बसावी तसा दिसतोय बघा.”

काका वाकले. कागदावर शेदोनशे उजळ ठिपके होते. कडेला अंधार होता.

“आज म्हणालात,” त्यांनी आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. “म्हणजे आधीही बघितलेत?”

“असतो की मधूनमधून! आठवड्याला एखादा म्हणा. मागच्या जिन्याला दिवा नाही, तिथं मी झाकण काढून ठेवते, तेवढीच सोबत. हिरव्यात एखादा तांबडा असला की बरं वाटतं.”

“मला कधी बोलला नाहीत?”

“मला वाटलं, तांबडा म्हणजे बाद. शाळेत लाल शाई कशाला असायची? चुकलं की. तुम्ही बादलीत टाकता म्हणजे नापासच असणार. तुम्हा शिकल्यासवरल्यांना मी काय सांगू?”

आठवड्याला एक. आठ महिने. “आजची बादली राहू दे इथंच,” एवढं काका कसंबसं म्हणाले. मावशी गेल्यावर त्यांनी तो कागद डोळ्यांशी धरला, लांब धरला, मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला. कडेला अंधारच होता.

त्या संध्याकाळी ते घरी गेले आणि बूटही न काढता खुर्चीत बसून राहिले. दोन खोल्यांचं घर, सगळं जागच्या जागी. मोज्यांच्या जोड्या गाठ मारून ठेवलेल्या, म्हणजे रंग चुकायला नको. बायको गेल्यापासून या घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. आणि त्या शांततेत त्यांना दादा आठवला. खरं म्हणजे दादा आठवू नये म्हणूनच त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षं धडपड केली होती.

दादा त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा. विसाव्या वर्षी रेल्वेचा ड्रायव्हर व्हायची लेखी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाला. वडिलांनी गल्लीभर सांगितलं. मग डोळ्यांची तपासणी झाली. रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक पुढं ठेवलं आणि विचारलं, यात आकडा कुठला? दादाला एकाही पानावर आकडा दिसला नाही. तो परत आला तेव्हा वडील एकच वाक्य बोलले, “वाघासारखा पोरगा, पण डोळे मातीचे.” त्यानंतर गल्लीतली पोरं दादासमोर काहीही धरायची आणि विचारायची, “सांग, रंग कुठला?” दादानं घराबाहेर पडणं सोडलं. पुढं दुसऱ्या गावी एका गोदामात वजनकाट्यावर लागला आणि पस्तीस वर्षं पोती मोजून निवृत्त झाला.

तेव्हा काका दहा वर्षांचे होते. दादाची हकिकत ऐकून त्यांनी आपल्या रंगीत पेन्सिली काढल्या आणि एकेक उजेडात धरून पाहिली. मग डब्यावरच्या नावांचा क्रम बघून ब्लेडनं खुणा केल्या. लालला एक खाच, हिरव्याला दोन. कुणाला बोलले नाहीत. काही दिवसांनी दादा त्यांच्याजवळ येऊन बसला, दोन पेन्सिली उचलल्या आणि हळूच विचारलं, “तुला या वेगळ्या दिसतात ना रे?” काकांनी खाचा पाहिल्या आणि म्हणाले, “हो. ही लाल, ही हिरवी.”

“बरं झालं,” दादा म्हणाला. आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका शीतखोलीत गेले. मूळ डिश तिथं महिनाभर ठेवायची पद्धत होती, मग त्याही वाफेत जायच्या. म्हणजे सात महिन्यांचं सगळं गेलं होतं, एका महिन्याचं शिल्लक होतं. त्यांनी त्या डिशचे पुन्हा छाप घ्यायला सुरुवात केली आणि दुपारी धुलाईखोलीत गेले.

“मावशी, दोन-तीन दिवस दुपारी थोडा वेळ द्याल? माझ्या खोलीत बसायचं आहे.”

“मी? आणि करू काय?”

“तांबडं दिसेल तिथं बोट ठेवायचं.”

मावशींनी हात पुसले आणि काही न विचारता आल्या. दहा मिनिटं अंधारात दोघं शेजारी बसले. मग काका एकेक छाप पुढं सरकवत गेले. मावशी ‘नाही’, ‘नाही’ म्हणत गेल्या. दुसऱ्या दिवशी तेविसाव्या छापावर त्या थांबल्या. “हा बघा.”

“बोट ठेवा.”

“अहो, चांगला ठसठशीत आहे की, बोट कशाला?”

“ठेवा तुम्ही.”

त्यांनी बोट ठेवलं. काकांनी बोटाशेजारी टाचणीनं भोक पाडलं.

“भाऊ,” मावशी म्हणाल्या, “तुम्हाला हे दिसत नाहीये. होय ना?”

काका अंधारात होते आणि समोरच्याचा चेहरा दिसत नव्हता. म्हणून असेल, पण शब्द बाहेर पडले. “नाही. कधीच दिसलं नाही. लाल म्हणजे माझ्यासाठी विझलेलं.”

“अगंबाई! मग रस्त्यावरचे सिग्नल?”

“वरचा लागला की थांबायचं. नाहीतर लोक थांबले की थांबायचं.”

“आणि घरी कुणाला...”

“नाही.”

मावशींनी सुस्कारा सोडला. “माझ्या थोरल्या जावेला वास येत नाही. पण बाई कबूल करायची नाही. एकदा गॅस गळत होता, आम्ही खिडक्या उघडायला धावतोय आणि ही म्हणते, ‘कसा मंद सुवास सुटलाय!’ तेव्हापासून घरात सगळ्यांना कळलंय, आणि आपलं कुणाला कळलेलं नाही असं तिला वाटतंय.”

काकांना हसू फुटलं. पडदा हलेल इतकं हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते मात्र मावशींना कळू दिलं नाही. निदान त्यांना तसं वाटलं.

तीन दिवसांत चार ठिपके मिळाले. चौथ्या दिवशी सकाळी काका ते चार वेगळ्या डिशमध्ये वाढवून मॅडमच्या खोलीत घेऊन गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

“आठ महिने,” मॅडम म्हणाल्या.

“हो.”

“त्या मुलीनं दोनदा पहिल्यापासून केलं.”

“ठाऊक आहे मला.”

“गेल्या आठवड्यात ती सगळं सोडून घरी जायचं म्हणत होती. आपल्या हाताला यश नाही म्हणते.” मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पहिल्या दिवशीच सांगितलं असतंत तर?”

“तुम्ही दुसऱ्या कुणाला बसवलं असतंत.”

“अर्थात बसवलं असतं! आणि तुम्हाला दुसरं काम दिलं असतं. एवढंच झालं असतं काका. एवढंच.”

काका खाली बघत राहिले. एवढंच. त्या एवढ्याशा गोष्टीभोवती त्यांनी जन्मभर भिंत बांधली होती.

“तिला तुम्ही सांगायचं,” मॅडम म्हणाल्या. “मी नाही सांगणार.”

मुलगी तिच्या टेबलापाशी होती. काकांनी तिला सांगितलं. ती रागावेल, ओरडेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे माझं चुकलं नव्हतं?”

“नाही. तुझं पहिल्यापासून बरोबर होतं.”

तिनं तोंडावर हात धरला आणि रडायला लागली. काकांना बोल लावला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चारांपैकी दोन ठिपक्यांत एकच मणी बदललेला निघाला. शेजारच्या विभागाच्या यंत्रावर उजेड मोजला. लाल, अगदी मनासारखा. मॅडमनी अंधाऱ्या खोलीचं काम त्या मुलीला आणि मावशींना दिलं. मावशींना आता दुपारी दोन तास धुलाई माफ. काकांना शीतखोलीत बसवलं, एन्झाइम गाळून शुद्ध करायला. तिथं लोकरी टोपी घालून थेंब थेंब पडणारं पाणी गोळा करायचं. काम चोख व्हायचं. कुणी टोचून बोललं नाही. ‘हा रंग कुठला, काका?’ असंही कुणी विचारलं नाही. ते येताना दिसले की कॉफीच्या यंत्रापाशी आवाज किंचित खाली यायचे, एवढंच. दुपारी डबा संपला की काकांचे पाय सवयीनं व्हरांड्याच्या टोकाकडे वळायचे. मग अर्ध्यातून परत.

दादाला फोन करायला त्यांना तीन आठवडे लागले. दोघांचं बोलणं वर्षातून एकदोनदा व्हायचं, तब्येत, हवापाणी, ठेवू का मग. त्या रविवारी काकांनी हवापाणी गाळलं.

“दादा, एक सांगायचं होतं. मलाही लाल दिसत नाही. तुझ्यासारखंच. लहानपणापासून.”

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“दादा?”

“मी विचारलं होतं तुला,” दादा म्हणाला. आवाज म्हातारा झाला होता, पण त्यातला थोरल्या भावाचा धाक तोच. “दोन पेन्सिली धरल्या होत्या.”

“हो.”

“तू हो म्हणालास.”

“मी खाचा केल्या होत्या पेन्सिलींना. त्या बघून बोललो.”

“मला वाटलं, घरात मी एकटाच,” दादा म्हणाला. “जन्मभर तेच वाटलं.” आणि फोन बंद झाला.

काकांनी पुन्हा लावला. उचलला नाही. आठवडाभर थांबून पुढच्या रविवारी लावला तेव्हा वहिनींनी घेतला.

“भावजी, ते बोलायचं नाही म्हणतात.”

“बरं. मग ठेवतो.”

“थांबा हो. बोलायचं नाही म्हणालेत, ऐकायचं नाही असं नाही म्हणाले. मी फोन टेबलावर ठेवते, स्पीकर लावून. समोरच बसलेत पेपर घेऊन. तुम्ही बोला. मला ओट्यावर काम आहे.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पेपरचं पान उलटल्याची सळसळ झाली. काकांनी घसा साफ केला. काय बोलावं सुचेना, म्हणून ते काम सांगायला लागले. शीतखोलीत किती गार असतं, नाक कसं बधिर होतं, एन्झाइम किती नाजूक, जरा ऊब लागली की कसं मान टाकतं. पंधरा मिनिटं बोलले. पलीकडून एक अक्षर नाही. मग वहिनी येऊन म्हणाल्या, “झालं का? बरं, ठेवते हं.”

पुढच्या रविवारी तेच. आणि त्याच्या पुढच्याही. काका आता शनिवारपासूनच मनात जुळवून ठेवायचे. एका रविवारी त्यांनी शालीची गोष्ट सांगितली. एका रविवारी मावशींच्या जावेची. चौथ्या रविवारी जे सांगायचं म्हणून ठरवून बसले होते ते बोलले, की दादा, त्या दिवशी मी ‘नाही दिसत’ म्हणालो असतो तर तू घर सोडून गेला नसतास, हे मला दहाव्या वर्षीही कळत होतं. बोलून झाल्यावर ते थांबले. पेपर सळसळला. खुर्ची करकरली. कुणीतरी टेबलाजवळ सरकल्याचा आवाज आला.

“अरे, जरा मोठ्यानं बोल,” दादा म्हणाला. “कान गेलेत माझे. महिना झाला, नुसतं पुटपुट पुटपुट ऐकतोय.”

काकांनी उठून खिडकी लावून घेतली, म्हणजे रस्त्याचा आवाज यायला नको. मग खुर्ची पुढं ओढली, फोन तोंडाशी धरला आणि त्या घरात पाच वर्षांत कुणी बोललं नव्हतं इतक्या मोठ्या आवाजात पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.